अर्ल की रिकी? टेक्सासच्या रनिंग बॅकवरून आलेले प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की अमेरिकन फुटबॉलमध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीचा आजवरचा सगळ्यात भारी रनिंग बॅक म्हणजे रिकी विल्यम्स, आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळलो. झालं. तेव्हापासून मेल थांबेनात. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनकडची आपली मंडळी तर तुटून पडलीच, पण ज्यांची मुलं तिकडे शिकतायत अशा पुण्या-ठाण्याच्या लोकांनीही लिहिलंय. म्हणून यावेळचं सगळं सदर या एकाच भांडणाला, रिकी की त्याच्या आधीचा अर्ल कॅम्पबेल. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय (एकाचं कारण : "माझा बॉस अर्लवाला आहे"), त्यामुळे नुसती गावं देतोय.

प्रश्न : माझा मुलगा यंदाच ऑस्टिनला मास्टर्सला गेलाय. दर शनिवारी केशरी टी-शर्ट घालून मॅचला जातो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. रनिंग बॅक म्हणजे नक्की कोण? (पुणे)

उत्तर : आधी एक, तो केशरी नाही, जरा भाजलेला केशरी, भाजक्या विटेच्या जवळचा, आणि मुलासमोर भगवा वगैरे म्हणू नका, तो ऐकून ऐकून कंटाळला असेल. आता खेळ. टीमला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं, सरकले की परत नवे चार. क्वार्टरबॅक एकतर बॉल लांब फेकतो नाहीतर मागे उभ्या असलेल्या गड्याच्या पोटाशी देतो, तो बॉल कवटाळून समोरच्या ११ जणांच्या भिंतीत घुसतो, तो रनिंग बॅक. कबड्डीतला रेडर समजा, फक्त याला परत यायचं नसतं. एका धावेला सरासरी ५ यार्ड म्हणजे उत्तम, एका सीझनला १००० यार्ड म्हणजे लोक नाव लक्षात ठेवतात. एवढं पुरे, बाकी मुलगा सांगेल, आणि शनिवारी फोन उचलला नाही तर घाबरू नका, त्या स्टेडियमात लाखभर माणूस असतो, रेंज मिळत नाही.

प्रश्न : आमचे शेजारी मूळचे टायलरचे, वय सत्तरीच्या पुढे, त्यांच्या मते अर्ल कॅम्पबेलनंतर रनिंग बॅक जन्मालाच आला नाही. माझ्या मुलाचा शाळेतला कोच म्हणतो रिकी. मुलगा १४ वर्षांचा आहे, दोघांच्या मध्ये सापडलाय आणि मला विचारतोय. काका, तुम्ही रिकी म्हणालात ते कशाच्या जोरावर? (राउंड रॉक)

उत्तर : ताई, शेजाऱ्यांना आधी माझा नमस्कार सांगा, कारण टायलरच्या माणसाने अर्ल म्हणायचं नाही तर कोणी म्हणायचं. टायलर हे गुलाबांचं गाव, कॅम्पबेलांच्या घरात ११ पोरं, वडील अर्ल लहान असतानाच गेले, आई गुलाबाच्या शेतात राबली, म्हणून तर त्याला 'टायलर रोझ' म्हणतात. पुढे व्यावसायिक खेळात पैसे मिळाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर आईला घर बांधून दिलं. असल्या माणसाविरुद्ध लिहायला माझा हात उचलत नाही, पण प्रश्न विचारलाय तर लिहितो.

आधी आकडे. अर्लचे चार वर्षांचे (१९७४ ते ७७) ४,४४३ यार्ड. रिकीचे चार वर्षांचे (१९९५ ते ९८) ६,२७९. दोघांनाही हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, अर्लला १९७७ ची, रिकीला १९९८ ची. नुसती बेरीज बघितली तर भांडणच नाही, रिकी १,८०० यार्डांनी पुढे. पण इथेच तुमचे शेजारी म्हणतील, थांबा, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्लची पहिली तीन वर्षं गेली विशबोनमध्ये. विशबोन म्हणजे टेक्साससाठी १९६८ मध्ये एमरी बेलार्ड नावाच्या असिस्टंट कोचने बसवलेली मांडणी, त्यात क्वार्टरबॅकच्या मागे तीन बॅक उभे असतात आणि बॉल चौघांत वाटला जातो. अर्ल त्यात फुलबॅक, म्हणजे मधून घुसून मार खाणारा. १९७६ मध्ये त्यात मांडीचा स्नायू दुखावला, त्या वर्षी ६५३ यार्डांवरच राहिला. मग कोच डॅरेल रॉयल निवृत्त झाले, फ्रेड एकर्स आले, त्यांनी विशबोन मोडून अर्लला सगळ्यात मागे एकटा उभा केला आणि सांगितलं असणार की बाबा तूच पळ. पुढच्या वर्षी १,७४४ यार्ड, देशात पहिला, टीम ११ पैकी ११ मॅच जिंकून पहिल्या नंबरवर (सीझननंतरच्या खास 'बोल' मॅचमध्ये, कॉटन बोलमध्ये, नोत्र दाम कॉलेजने ३८-१० असं धुतलं ते सोडा). म्हणजे चारही वर्षं त्याला असंच पळू दिलं असतं तर, हा शेजाऱ्यांचा मुद्दा असणार आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अजून एक, प्रत्येक धावेमागची सरासरी. १९७७ मध्ये अर्लच्या २६७ धावा, म्हणजे धावेला साधारण ६.५ यार्ड. १९९८ मध्ये रिकीने २,१२४ यार्ड केले पण त्याला ३६१ वेळा बॉल मिळाला, सरासरी ५.९. हाइझमनचं वर्ष विरुद्ध हाइझमनचं वर्ष लावलं तर अर्ल पुढे, हे मी मान्य करतो, आणि रिकीवाले हे कधी मान्य करत नाहीत म्हणून ते वाद हरतात.

मग मी रिकी का म्हणतो? कारण १९९७. त्या वर्षी मी ऑगस्टमध्ये ऑस्टिनला आलो, दोन सुटकेसा, एक प्रेशर कुकर, आणि सप्टेंबरात रूममेटने ओढून आयुष्यातल्या पहिल्या मॅचला नेलं. समोर कॅलिफोर्नियाची यूसीएलए युनिव्हर्सिटी. आपण हरलो ६६-३. सहासष्ट-तीन! मला नियम माहीत नव्हते तरी कळत होतं की हे काहीतरी भयंकर चाललंय, शेजारची पोरं मध्येच उठून निघून जात होती, आणि मी विचार करत होतो की हेच बघायला हे लोक एवढे पैसे मोजतात का. ती टीम पुढे वर्षभर तशीच, ४ जिंकल्या ७ हरल्या, कोच मॅकोविकची नोकरी गेली. आणि त्या टीममध्ये रिकीने काय केलं, तर १,८९३ यार्ड, देशात पहिला, धावेला ६.८. अर्लच्या १९७७ च्या सीझनपेक्षा जास्त. समोरच्या प्रत्येक टीमला माहीत होतं की या लोकांकडे दुसरं काहीच नाही, बॉल रिकीकडेच जाणार, अकराच्या अकरा त्याच्यावरच डोळा ठेवून, आणि तरी तो जायचा. चांगल्या टीममध्ये चांगले खेळणारे मी खूप बघितलेत. घर पडत असताना एकटा खांब धरून उभा राहिलेला हा एकच.

बरं, एवढं झाल्यावर कोणीही प्रो व्हायला निघून गेला असता. रिकी परत आला. नवीन कोच मॅक ब्राऊन, सलग दोन आठवड्यांत राइसविरुद्ध ३१८ आणि आयोवा स्टेटविरुद्ध ३५० यार्ड, मग लिंकनला जाऊन नेब्रास्काला २०-१६ हरवलं, जे स्वतःच्या मैदानावर सलग ४७ मॅच हरले नव्हते. आणि २७ नोव्हेंबर १९९८, थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, टेक्सास ए अँड एम. टोनी डॉर्सेटचा कॉलेजमधल्या एकूण धावांचा, २२ वर्षांपूर्वीचा ६,०८२ यार्डांचा रेकॉर्ड मोडायला रिकीला ६३ हवे होते. आम्ही चार देसी पोरं, सुट्टीला घर नाही, गाडी नाही, म्हणून तिकडेच. पहिल्याच क्वार्टरमध्ये डावीकडून निघाला तो ६० यार्ड, शेवटी एक डिफेंडर अंगावर येऊन लटकला, त्याच्यासकट शेवटच्या रेषेपलीकडे. डॉर्सेट स्वतः स्टेडियमात हजर. दिवसभरात ४४ धावा, २५९ यार्ड, मॅच २६-२४ ने आपली, आणि माझा आवाज सोमवारी परत आला. आता म्हणाल काका तुम्ही तिथे होतात म्हणून तुम्हाला रिकी आवडतो. हो, असेल. पण ६६-३ ला पण मी तिथेच होतो ना.

आणि एक गोष्ट शेजाऱ्यांना हळूच विचारा. तुमच्या डोळ्यासमोर अर्लची कुठली धाव येते? बहुतेक ती, ज्यात त्याने लॉस एंजलिस रॅम्सच्या आयझाया रॉबर्टसनच्या छातीत डोकं घातलं आणि पुढे जर्सी फाटून लोंबत असताना पळत राहिला. ती १९७८ ची, ह्यूस्टन ऑइलर्स या व्यावसायिक टीमकडून खेळतानाची. कॉलेज संपलं होतं. निम्मे अर्लवाले तिथे फसतात, माणूस तोच असला तरी प्रश्न कॉलेजचा आहे.

प्रश्न : मग युनिव्हर्सिटीचं स्वतःचं मत काय? (ठाणे)

उत्तर : युनिव्हर्सिटी हुशार आहे. स्टेडियमजवळ दोघांचेही पुतळे, अर्लचा २००६ चा, रिकीचा २०१२ चा. आणि मैदानाला पूर्वी जो जमेल या वकिलांचं नाव होतं ते २०२० मध्ये बदलून 'कॅम्पबेल-विल्यम्स फील्ड' केलं, जमेल कुटुंबानेच ते सुचवलं होतं. त्या उन्हाळ्यात सगळ्या अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध मोर्चे चालले होते, खेळाडूंनी युनिव्हर्सिटीकडे मागण्यांची यादी दिली होती, त्यावर जे बदल जाहीर झाले त्यातलाच हा एक. नावात अर्ल पहिला आहे, पण ते बहुतेक सीनियॉरिटीनुसार, त्यावरून कोणी माझ्याशी भांडायला येऊ नये.

प्रश्न : सेड्रिक बेन्सनचे ५,५४० यार्ड आहेत, अर्लपेक्षा हजारभर जास्त, चारही वर्षं हजाराच्या वर, तरी या वादात त्याचं नाव कोणी घेत नाही. हा अन्याय नाही का? (प्लेनो)

उत्तर : आहे. मला स्वतःला पण हा मेल वाचून जरा लाज वाटली, कारण मी पण घेतलं नव्हतं. बेन्सन मिडलँडचा, तिथल्या शाळेला सलग तीन वर्षं राज्याचं विजेतेपद मिळवून देऊन आला, २००४ मध्ये १,८३४ यार्ड, डोक वॉकर अवॉर्ड (देशातल्या सर्वोत्तम रनिंग बॅकला देतात ते), ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम कॉलेजची पोरं निवडतात ते) चौथा. पण त्याचं नशीब बघा, चार वर्षांत ओक्लाहोमाविरुद्ध चारही मॅच टीम हरली, आणि इकडे लोक बाकी सगळं माफ करतील पण डॅलसची ती मॅच नाही. शेवटच्या रोझ बोलमध्ये मिशिगनला ३८-३७ हरवलं तर ती मॅच क्वार्टरबॅक व्हिन्स यंगच्या नावावर गेली, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद आलं तेव्हा बेन्सन शिकागोच्या व्यावसायिक टीमकडे गेलेला. रिकी आणि व्हिन्सच्या मध्ये सापडला बिचारा, दोन मोठ्या झाडांमधलं रोप.

एक तांत्रिक गोष्ट मात्र सांगतो, म्हणजे हिशोब सरळ होईल. एनसीएए, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणारी संघटना, २००२ पासून बोल मॅचचे यार्ड एकूण बेरजेत धरायला लागली, त्याआधी धरत नव्हती. म्हणजे बेन्सनच्या ५,५४० मध्ये शेवटच्या तीन वर्षांच्या बोल मॅच आहेत, रिकीच्या ६,२७९ मध्ये एकही नाही. या एका नियमावरून अख्ख्या देशात भांडणं चालतात, आणि रिकीचा रेकॉर्ड पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या रॉन डेनने मोडला तोही बोल न धरता. तर रिकी आणि बेन्सनमधलं अंतर दिसतं त्यापेक्षा मोठं आहे.

बेन्सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये ऑस्टिनमध्येच मोटरसायकल अपघातात गेला. ३६ वर्षांचा होता.

प्रश्न : रिकीच्या आधी कोण, अर्लच्या आधी कोण? का टेक्सासचा इतिहास १९७४ पासूनच सुरू होतो? (ह्यूस्टन)

उत्तर : तिरकस विचारलंत पण विचारलंत चांगलं. ख्रिस गिल्बर्ट हे नाव लिहून ठेवा, १९६६ ते ६८, कॉलेज फुटबॉलमध्ये तीन सीझन हजार यार्ड करणारा पहिला माणूस. एकूण ३,२३१ यार्ड. आज तो आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य टीममध्ये खेळायची परवानगीच नव्हती, ती १९७२ मध्ये मिळाली, म्हणजे त्याच्याकडे तीनच वर्षं होती आणि तीनही त्याने वसूल केली.

पण मला खरं बोलायचंय ते रूझवेल्ट लीक्सबद्दल. १९६९ च्या टेक्सासने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा टीममध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, पहिला ज्युलियस व्हिटियर, १९७० मध्ये. म्हणजे त्याआधीच्या याद्या वाचताना लक्षात ठेवायचं की त्या अर्ध्याच टेक्सासच्या याद्या आहेत, उरलेल्या अर्ध्याला दारातच घेतलं नव्हतं. लीक्स ब्रेनमचा (आइस्क्रीमवालं ब्रेनम, हो तेच), १९७३ मध्ये १,४१५ यार्ड, त्यातले एसएमयू (डॅलसची सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) विरुद्ध एका मॅचमध्ये ३४२, हाइझमनच्या मतदानात तिसरा, ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तमांच्या यादीत आलेला, टेक्सासचा पहिला काळा खेळाडू. पुढच्या वसंतात प्रॅक्टिसमध्येच गुडघा गेला. तो परत आला तेव्हा टीममध्ये पहिल्या वर्षाचा एक पोरगा आलेला, नाव अर्ल कॅम्पबेल. तो गुडघा शाबूत राहिला असता तर आज मैदानाच्या पाटीवर अजून एक नाव असतं असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न : व्हिन्स यंग का नाही मोजत? तो पण पळायचाच की. (फ्रिस्को)

उत्तर : क्वार्टरबॅक आहे. पुढचा.

प्रश्न : आजकालच्या पोरांचं काय? बिजान रॉबिन्सन मला रिकीपेक्षा चपळ वाटतो. (सीडर पार्क)

उत्तर : चपळ आहेच, मला पण वाटतो. जागच्या जागी वळणं, एका पावलात समोरच्याला उल्लू बनवणं, यात बिजान या सगळ्यांच्या वरचा, आणि जमाल चार्ल्स सरळ वेगात. चार्ल्सने २००७ मध्ये नेब्रास्काविरुद्ध २९० यार्ड केले, त्यातले २१६ नुसत्या चौथ्या क्वार्टरमध्ये, मी तेव्हा किचनमध्ये पोहे परतत होतो आणि परत येईपर्यंत मॅच फिरली होती, पोहे खाली लागले. बिजानचे तीन वर्षांत ३,४१० यार्ड, २०२२ चं डोक वॉकर अवॉर्ड, मग शेवटची बोल मॅच न खेळता ड्राफ्टला गेला आणि अटलांटाने आठव्या नंबरला उचलला. शहाणपणाचं केलं, अंगाला काही झालं असतं तर कोण देणार होतं. अर्लची आजची पाठ आणि गुडघे बघा, व्हीलचेअरवर दिसतो तो, म्हणजे कळेल मी काय म्हणतो.

पण म्हणूनच रिकीचा आकडा आता टेक्सासमध्ये कोणी मोडेल असं मला वाटत नाही. चार वर्षं कोणी थांबतच नाही. आणि २०२१ पासून कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, बिजानने तर स्वतःच्या नावाची मोहरी काढली होती, डिजॉन मस्टर्डवरून 'बिजान मस्टर्डसन', आणि लॅम्बोर्गिनीवाल्यांशी पण करार होता. रिकीच्या काळात त्याला यातला एक डॉलर मिळाला नसता. पोरांनी कमवावं, मी कोण नाही म्हणणारा.

प्रश्न : तुमचा रिकी तोच ना, गांजापायी बंदी आलेला? असल्या माणसाला पहिला नंबर? (शुगर लँड)

उत्तर : तोच. मुलाखती हेल्मेट घालून द्यायचा तो पण तोच, आणि लोक हसायचे, नंतर कळलं की त्याला लोकांसमोर बोलायची खरोखर भीती वाटायची, सोशल अँग्झायटी, त्याने स्वतःच सांगितलंय. २००४ मध्ये ऐन भरात खेळ सोडून दिला आणि कॅलिफोर्नियात ग्रास व्हॅलीला जाऊन चक्क आयुर्वेद शिकला. आपल्याकडच्या पोरांना आजीचा काढा नको असतो आणि हा सव्वादोनशे पौंडांचा गडी वात-पित्त-कफ शिकतोय. पण हे सगळं कॉलेजनंतरचं. कॉलेजचा रिकी मला आठवतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी, सत्तरी ओलांडलेल्या डोक वॉकरशी त्याची दोस्ती झाली होती, ज्यांच्या नावाचं ते अवॉर्ड आहे त्या वॉकरांशी. १९९८ च्या सप्टेंबरात ते गेले, आणि ऑक्टोबरात ओक्लाहोमाविरुद्ध रिकी स्वतःचा ३४ नंबर बाजूला ठेवून वॉकरांचा ३७ घालून उतरला. वॉकर टेक्सास युनिव्हर्सिटीचे पण नव्हते, एसएमयूचे, म्हणजे प्रतिस्पर्धी कॉलेजचे.

प्रश्न : काका, रिकीच्या मागे बेंचवर प्रीस्ट होम्स बसला होता हे विसरलात वाटतं. (ऑस्टिन)

उत्तर : नाही विसरलो. १९९६ ची बिग ट्वेल्व्हची (टेक्सास ज्या कॉलेज लीगमध्ये होती तिची) फायनल, नेब्रास्काविरुद्ध, त्या दिवशी होम्सचे १२० यार्ड आणि ३ टचडाउन (बॉल घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे जाणं), आपण ३७-२७ जिंकलो. पुढे कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक टीमसाठी एका सीझनला २७ टचडाउन केले त्याने. पण बेंचवर बसवला म्हणजे चूक झाली असं नाही, पुढे रिकी होता.

प्रश्न : अर्लने एकदा बैलाला पाडलं होतं असं आमचे सर सांगतात. थाप आहे ना? (ठाणे)

उत्तर : अहो, त्यात तथ्य आहे. बेवो हा टेक्सासचा जिवंत लाँगहॉर्न बैल, शिंगांची रुंदी बघितली तर छातीत धस्स होतं, मॅचच्या दिवशी त्याला मैदानाच्या कडेला उभा करतात. अर्ल एकदा टचडाउन करून एवढ्या वेगात सीमेबाहेर गेला की थांबताच आलं नाही, जाऊन आदळला तो थेट बेवोवर. राउंड रॉकच्या ताई, हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. रिकीने कधी बैलाला धडक दिलेली नाही. शेजाऱ्यांना सांगा, हा मुद्दा त्यांचा, माझ्याकडून लिहून घ्या.